रिपोर्ट चांगला यावा म्हणून

"मॅडम, मला युरिक ॲसिड आहे."

हे वाक्य मी डोंबिवलीत इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेतसुद्धा त्याचं उत्तर देईन. "अहो, सगळ्यांनाच असतं. मला आहे, तुमच्या शेजारी बसलेल्या ह्या बाईंना आहे. किती आहे ते सांगा." मग तो माणूस शेजारच्या बाईंकडे संशयाने बघतो, त्या बाई पर्स उचलून एक खुर्ची पलीकडे सरकतात, आणि काउंटरवरची आमची अश्विनी तोंडाला रुमाल लावून हसते. "मला थायरॉईड आहे" म्हणणाऱ्यांचंही तेच. थायरॉईड नसता तर तुम्ही इथे चालत आला असतात का? पण बोलून उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

संपादकांनी फोन करून सांगितलं, "डॉक्टर, पॅथॉलॉजिस्टच्या आयुष्यातले काही हृद्य प्रसंग लिहा दिवाळी अंकासाठी." मी म्हटलं, हृद्य प्रसंग माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे वैताग आहे, तो भरपूर आहे, चालत असेल तर लिहिते. ते बिचारे हो म्हणाले. तेव्हा आता भोगा.

मानपाडा रोडवर माझी रक्त-लघवी तपासायची लॅब. अजून आहे, फक्त आता भाची बघते. मी ठाण्याला माजिवड्याला मुलाकडे राहते आणि आठवड्यातून दोनदा डोंबिवलीला जाते. घरी बसून सुनेला सूचना देत बसण्यापेक्षा पेशंटना दिलेल्या बऱ्या, ह्यावर सुनेचं आणि माझं पूर्ण एकमत आहे.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे काय हे लोकांना आजतागायत कळलेलं नाही. लोकांना वाटतं मी सुई टोचते. सुई अश्विनी टोचते, आणि माझ्यापेक्षा दसपट चांगली टोचते. मी ते रक्त मशीनमधून काय सांगतंय ते वाचते, काचेवर पसरून डोळ्यांनी बघते, आणि आकडे एकमेकांशी जुळत नसले तर डॉक्टरांना फोन करून डोकं खाते. एका आजींनी मला एकदा फार मायेने विचारलं होतं, "म्हणजे गं बाई, तू डॉक्टरकीची शेवटची परीक्षा नापास झालीस का?" एम.डी. आहे मी, हे सांगायचासुद्धा तेव्हा कंटाळा आला. म्हटलं, "हो आजी, थोडक्यात गेली."

तर ही परीक्षाच आमच्या लोकांच्या डोक्यातून जात नाही. तपासणी आणि परीक्षा ह्यांत काही फरक असतो हेच मुळी त्यांना मान्य नाही. परीक्षा म्हटली की तयारी आली. तयारी केली की पास. पास झालं की सुटलो!

आंबिवलीहून एक बाई यायच्या. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला. यायच्या आधी चार दिवस कारल्याचा रस, भात बंद, सकाळ-संध्याकाळ चालणं. उपाशीपोटीची साखर अगदी गोंडस यायची. मग रिपोर्ट हातात घेऊन त्या थेट समोरच्या मिठाईवाल्याकडे जायच्या, माझ्या काचेच्या दारातून मला दिसायचं. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनी दुसरी तपासणी लिहिली, जिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. ती आली चांगलीच वाढलेली. बाई माझ्या केबिनमध्ये येऊन कडाडल्या, "आत्ताचं चांगलं आहे ना? मग जुनं कशाला उकरून काढता?"



आणखी एक साहेब युरिक ॲसिडच्या तपासणीआधी आठवडाभर डाळीला शिवायचे नाहीत. घरादाराला शिवू द्यायचे नाहीत. बायको-मुलं आठवडाभर दुधी खात बसायची. आकडा बरा आला की त्याच संध्याकाळी सगळ्यांना घेऊन मटण खायला. मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, मी इन्स्पेक्टर आहे का, की मी यायच्या आधी झाडलोट करून ठेवताय? मला घर रोजच्यासारखं बघायचंय." ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकावा लागतो हो. अमेरिकेतला मुलगा लगेच लाल आकडे बघतो."

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. कारल्याच्या रसाने कोणाचा पाय जात नाही. पाष्ट्यांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ती सांगण्यासाठीच हे सगळं पाल्हाळ लावलंय.

पाष्टे गुहागरकडचे. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत मेंटेनन्सला होते, पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात जन्म गेला. निवृत्त होऊन काही वर्षं झालेली. माणूस लाख. माझ्या लॅबच्या पाण्याचा पंप त्यांनी दोनदा नीट करून दिला आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. त्यांना गाऊट होता. लोक ज्याला "युरिक ॲसिड झालंय" म्हणतात तो. रक्तातलं युरिक ॲसिड वर्षानुवर्षं जास्त राहिलं की त्याचे बारीक सुईसारखे खडे सांध्यात साचतात. एरवी गप्प असतात. एक दिवस काहीतरी बिनसतं, शरीराची फौज त्या खड्यांवर तुटून पडते, आणि सांधा सुजून लाल होतो, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही असा दुखतो. आणि गंमत म्हणजे, ऐन दुखण्याच्या वेळी रक्तातलं युरिक ॲसिड चक्क नॉर्मल येऊ शकतं. हे मी जितक्या लोकांना समजावलं तितक्यांनी माझ्या मशीनवर संशय घेतला.

आता खरी कटकट पुढे आहे. गाऊटचा झटका आला की ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, ईएसआर वाढतो, सीआरपी तर गगनाला भिडतं. आणि सांध्यात जंतू शिरून पू झाला तरी हे सगळं अगदी असंच होतं. सीआरपी म्हणजे धूर. धूर दिसला म्हणजे कुठेतरी पेटलंय एवढं कळतं. चूल पेटलीय की घर, ते धूर सांगत नाही. आणि उपचार तर एकदम उलटे! नुसता गाऊट असेल तर स्टेरॉइड देऊन शरीराच्या फौजेला शांत करायचं. आत जंतू असतील आणि स्टेरॉइड दिलं, तर पहारेकऱ्यालाच झोपवून चोराला दार उघडून दिल्यासारखं. सांधा काही दिवसांत सडतो. विष रक्तात गेलं तर माणूसही जातो.

म्हणून अलीकडे डॉक्टर आणखी एक तपासणी मागतात, प्रोकॅल्सिटोनिन. हे रक्तात वाढतं ते मुख्यतः जंतूंमुळे. नुसत्या गाऊटच्या झटक्यात ते बहुतेकदा खालीच राहतं, म्हणून उपयोगाचं. पण ह्याचेही नखरे आहेत. किडनी अधू असेल तर उगाचच वर दिसतं. जंतू एकाच सांध्यात दडून बसले असतील तर कमीही दिसतं. आणि अँटिबायोटिक सुरू झालं की एक-दोन दिवसांत झरझर उतरतं. साक्षीदार चांगला आहे, पण त्याला आधी कोणी पढवलंय का ते बघावं लागतं. खरा निकाल सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच.

ते गेल्या वर्षीच्या शिमग्याच्या आधीचे दिवस होते. एका शनिवारी डॉक्टर नेरुरकरांचा फोन आला. नेरुरकर आमच्याच भागातले फिजिशियन, छोटं नर्सिंग होम आहे त्यांचं. वयाने माझ्यापेक्षा लहान, डोकं शाबूत असलेला माणूस.

"डॉक्टर, पाष्टे आलेले. उजवा गुडघा टरारून फुगलाय, ताप आहे. ह्या वेळी मला नुसता गाऊट वाटत नाहीये. गुडघ्यातलं पाणी काढू म्हटलं, तर उठून निघायला लागले. त्यांची किडनी अधू, म्हणून पेनकिलर देता येत नाहीत, स्टेरॉइडच द्यावं लागेल. पण जंतू नाहीत ह्याची थोडी तरी खात्री हवी. सीबीसी, सीआरपी, युरिक ॲसिड आणि प्रोकॅल्सिटोनिन लिहून पाठवलंय. आत्ता येतील."

आत्ता! शनिवार गेला, रविवार गेला. अश्विनीने फोन केला तर पाष्टे म्हणाले, "घरी पाहुणे आलेत, सोमवारी येतो." सोमवारी सकाळी रिक्षातून लंगडत आले. ताप नव्हता. चेहरा तेलपाणी केल्यासारखा तुकतुकीत. अश्विनीने नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, सध्या कुठली औषधं चालू आहेत? अँटिबायोटिक वगैरे?"

"कसली नाय गो. रोजची बीपीची, बस्स."

दुपारी आकडे आले. सीआरपी वाढलेलं, पण असं काही आभाळाला टेकलेलं नव्हे. पांढऱ्या पेशी किंचित वर. युरिक ॲसिड नॉर्मल. आणि प्रोकॅल्सिटोनिन खाली. म्हणजे गाऊट. मी नेरुरकरांना कळवलं. त्यांनीही सुस्कारा सोडला. "ताप पण उतरलाय म्हणतायत. मग संध्याकाळी बोलावतो आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू करतो."

रिपोर्ट मोबाईलवर गेला होता, तरी चारच्या सुमारास पाष्टेकाकू छापील प्रत न्यायला आल्या. मोबाईलवरचं त्यांना खरं वाटत नाही. मी दारातच भेटले.

"पास झाले ना हे?" काकूंनी विचारलं. अगदी ह्याच शब्दांत.

"पास कसले काकू, गाऊटचा झटकाच आहे. पण जंतू नसावेत असं दिसतंय."

"असणार कुठून!" काकू खुशीत म्हणाल्या. "गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या."

"कुठल्या गोळ्या?"

"माझ्या हो. मागच्या महिन्यात दाढ नाही का काढली मी, तेव्हाच्या उरलेल्या. जंतू मारायच्याच होत्या ना त्या? हे म्हणाले, रिपोर्ट चांगला यायला हवा. शनिवारपासून दिवसातून तीन वेळा घेत होते. नाहीतरी फुकटच जात होत्या."

हा माणूस शनिवार-रविवार पाहुण्यांसाठी थांबला नव्हता. हा अभ्यास करत होता! तपासणीआधी अँटिबायोटिक घेऊन बसला होता. ताप उतरला तो त्यामुळे, प्रोकॅल्सिटोनिन खाली आलं तेही त्यामुळेच असणार, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून नेरुरकर आता त्याला स्टेरॉइड टोचणार होते.

नेरुरकरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नर्सिंग होमच्या नंबरावर लावला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर बिझी आहेत, मी मेसेज देते." मी म्हटलं, "मेसेज नको देऊ, फोन दे." ती म्हणाली, "मॅम, तुमची अपॉइंटमेंट आहे का?" देवा! मी फोन ठेवला, काकूंचा दंड धरला आणि रिक्षात बसले. काकू विचारत होत्या, "काय झालं? अहो, काय झालं?" रस्ता खणलेला. डोंबिवलीत रस्ता खणलेला नसेल तर आपण चुकून दुसऱ्या गावात आलो असं समजावं. रिक्षावाला एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात जात होता आणि मी त्याला ओरडत होते, "अरे, दाब ना जरा!" तो शांतपणे म्हणाला, "ताई, दाबून जाऊ कुठं?"

पोहोचले तेव्हा पाष्टे आतल्या खाटेवर पायजमा गुडघ्याच्या वर गुंडाळून बसले होते. सिस्टरच्या हातात इंजेक्शन भरलेलं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम! तुम्ही स्वतः? पास झालो ना मी!"

"सिस्टर, ते खाली ठेवा. डॉक्टरांना बोलवा. आत्ताच्या आत्ता." माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार, कारण नेरुरकर पेशंट तसाच सोडून धावत आले.

"पाष्टे, गेल्या दोन दिवसांत कुठल्या गोळ्या घेतल्यात?"

"कसल्याच नाय."

"पाष्टे!"

त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या काकूंकडे बघितलं. मग खाली बघितलं. "त्या दाढेच्या होत्या, मॅडम. गुडघ्याच्या नव्हत्या."

नेरुरकरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "काका, मी तुम्हाला मघाशी विचारलेलं. अँटिबायोटिक घेतलंय का म्हणून मी तोंडाने विचारलेलं ना?"

"तुम्ही गुडघ्यासाठी घेतलंय का असं विचारलंत असं मला वाटलं."

पाहुण्यांचं खोटं होतं, पण हे तो माणूस अगदी मनापासून बोलत होता हो. त्याच्या लेखी दाढेची गोळी दाढेची, बीपीची बीपीची. पंपाचा वायसर मोटारीला लागत नाही तसं. मला भयंकर संताप आला. मी एवढंच विचारलं, "पण का? कुणासाठी करता हे? मला आकडा चांगला दाखवून तुम्हाला काय मिळणार होतं?"

उत्तर काकूंनी दिलं. रडवेल्या झाल्या होत्या. "मी म्हटलेलं त्यांना. रिपोर्ट चांगला आला तरच शिमग्याला गावी जायचं. नायतर नाय."

मग सगळं बाहेर आलं. पाष्ट्यांच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून उठते, म्हणजे देवीला बसवतात त्या चौथऱ्यावरून. ती उठताना पुढचा पहिला खांदा पाष्ट्यांच्या घराचा. आजोबांचा, मग वडिलांचा, मग ह्यांचा. ढोल वाजला की पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची, गुडघ्यात वाकून खाली न्यायची, पुन्हा वर उचलायची. वर्षभर हा माणूस डोंबिवलीत पंप दुरुस्त करायचा तो त्या एका सकाळसाठी. मुलगी एकच, ती लग्न होऊन पुण्याला. "माझ्यानंतर आमच्या घरात खांदा द्यायला कोण नाय, मॅडम," पाष्टे म्हणाले. "जेवढी वर्षं जमतंय तेवढी तरी चुकवायची नाय, एवढंच मनात होतं."

हे ऐकून गप्प बसले असते तर मी मी नव्हे. मी म्हटलं, "गुडघाच गेला तर खांद्याचं काय करणार आहात?"

नेरुरकरांनी पुन्हा पाणी काढायचा विषय काढला. पाष्टे पुन्हा नको नको करायला लागले. "गुडघ्यातलं वंगण काढतात ते. वंगण काढलं की बेअरिंग जाम होतं. आमच्या वाडीतल्या एकाचं काढलं, तो परत उठला नाय."

वंगण! आता मात्र माझी सटकली. "पाष्टे, तीस वर्षं पंप बघितलेत ना तुम्ही? वंगणात लोखंडाचा कीस दिसला तर पंप तसाच चालू ठेवता?"

"नाय."

"मग?"

"बंद करतो."

"आणि?"

त्यांनी गुडघ्याकडे बघितलं. "उघडून बघतो," म्हणाले. आणि पाय सरळ केला.

नेरुरकरांनी सुईने पाणी काढलं. निरोगी सांध्यातलं पाणी स्वच्छ, पिवळसर असतं. हे ताकासारखं गढूळ होतं. मी नळी पर्समध्ये उभी धरून त्याच खणलेल्या रस्त्याने परत लॅबमध्ये आले आणि काच करून बसले. गाऊटच्या सुया होत्याच, ढीगभर. पण पूपेशींचाही खच पडला होता, आणि रंग दिलेल्या काचेवर मधूनच गोल जंतूंचे तुरळक घोस. दाढेच्या गोळ्यांनी अर्धे मारले होते आणि अर्धे लपवले होते. म्हणजे गाऊट आहे म्हणून जंतू नाहीत असं नव्हतं, दोन्ही एकाच गुडघ्यात सुखाने नांदत होते. नेरुरकरांना कळवलं. ह्या वेळी पहिल्या रिंगलाच उचलला.

पाष्ट्यांना ठाण्याला हलवलं. गुडघा आतून धुऊन काढला, शिरेतून योग्य ते अँटिबायोटिक सुरू केलं. पाय वाचला, माणूस वाचला. ती सिरिंज रिकामी झाली असती तर काय, ह्याचा विचार मी करत नाही. त्या दिवसाचा अभिमान आहे मला, उगाच विनय कशाला दाखवू? पण ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणालेच, "शनिवारीच आले असते तर बरं झालं असतं. गुडघा आता पूर्ण वाकेल असं वाटत नाही." हे दोन दिवस मला अजून टोचतात. गेले कशात, तर पास होण्यात!

हॉस्पिटल माजिवड्यालाच, आमच्या घराजवळ. शिमग्याच्या सकाळी मी सहज डोकावले. पाष्ट्यांनी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. गावाहून कोणीतरी व्हिडिओ कॉल लावला होता. सहाणेवर गर्दी, गुलाल, ढोलांचा खरखरता आवाज, आणि चित्र सारखं वाकडं होणारं. पालखी उठली. पुढचा खांदा चुलत भावाच्या मुलाचा होता. पाष्टे उशीला टेकून बघत होते, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला पांघरुणाखाली त्यांचा उजवा खांदा वर उचलला जात होता. त्यांना ते कळतही नव्हतं. मग नेटवर्क गेलं आणि पडद्यावर ते गोल फिरत राहिलं.

"पुढच्या वर्षी जाल," मी म्हटलं.

"जाईन की," ते म्हणाले.

मी बाहेर आले आणि लिफ्टपाशी उगाचच एका वॉर्डबॉयवर खेकसले. त्याचा काही दोष नव्हता.

ह्या वर्षी शिमगा होऊन गेल्यावर पाष्टे लॅबमध्ये आले, नेहमीच्या तपासणीला. हातात काठी. उजवा पाय सरळ पुढे टाकत, अर्धवर्तुळ काढत चालतात आता. मी तिथेच होते.

"काय, जाऊन आलात का गावाला?"

"गेलेलो."

"मग? दिलात खांदा?"

"नाय. खाली वाकता येत नाय ना. सगळे म्हणाले, काका, नुसते उभे राहा पुढे, आम्ही उचलतो. पण तसं नसतं मॅडम ते. चारांतला एक वाकला नाय तर पालखी कलंडते." ते खुर्चीत बसले, काठी भिंतीला लावली. "दांड्याला हात लावला आणि बाजूला झालो."

मला काही कळेनासं झालं की मी रागावते. सवयच आहे. म्हटलं, "बरं, ह्या खेपेला तपासणीची काय तयारी करून आलात ते आधी सांगा. काय खाल्लंत, काय बंद केलंत, कोणाच्या दाढेच्या गोळ्या घेतल्यात?"

"काय पण नाय. काल मसूरची आमटी खाल्ली. परवा मटण होतं. गोळ्या डॉक्टरांनी लिहिल्यात तेवढ्याच, ही चिठ्ठी बघा. उपास नाय, काय नाय."

"शाबास!" मी म्हटलं. "हेच तर बोंबलून बोंबलून सांगतेय मी इतकी वर्षं. तुम्ही पहिले निघालात, पाष्टे, ज्यांना कळलं."

पाष्टे बाही वर करत होते. वर न बघताच म्हणाले, "आता पास होऊन जायचंय कुठं, मॅडम?"

अश्विनी ट्रे घेऊन आली होती. मी तो तिच्या हातातून घेतला, तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि कित्येक वर्षांनी स्वतः कोणाच्या तरी दंडाला पट्टा बांधला. शीर दिसत होती, तरी मी उगाच बोटाने चाचपत राहिले.

"मूठ आवळा," मी म्हटलं. त्यांनी आवळली.